कोणती होडी घ्यावी?

गेल्या उन्हाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षा आटोपून मी प्रयोगशाळेला कुलूप लावत होतो, एवढ्यात अकरावीतला एक विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन आला. मुलाचे गाव नांदेडच्या वरच्या अंगाला, विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाकाठी. वडील तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. आजवर हे लोक थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकत आले. चप्पू म्हणजे थर्माकोलचे तुकडे एकत्र बांधून केलेला लहानसा तराफा. स्वस्त खरा, पण वारा सुटला की वर बसणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. म्हणून सभासदांनी वर्गणी काढून एक जुनी मोटारहोडी घेण्याचे ठरवले होते. दोन होड्या पाहून ठेवल्या होत्या आणि त्यांवरून संस्थेत दोन तट पडले होते.

"सर, तुमी पदार्थविज्ञान शिकवता म्हनं," वडील म्हणाले. "मग सांगा, दोन्हीतली चांगली कोनती?"

आता खरे सांगायचे तर माझा आणि होडीचा संबंध आर्किमिडीजच्या तत्त्वापुरताच. पोहायला शिकलो तेही विहिरीत. पण 'दोन्हींतली चांगली कोणती' या प्रश्नाने मला एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. ती आधी सांगतो, कारण आमचे पुढचे सगळे काम त्या गोष्टीवरच उभे राहिले.

विल्यम फ्रूड (१८१०-१८७९) हा इंग्लंडमधला अभियंता. जहाजाचा आकार कसा असावा यावर त्या काळी पुष्कळ वाद होते, आणि जो तो आपलाच आकार आदर्श म्हणून सांगे. फ्रूडने १८६७ साली दोन निरनिराळ्या आकारांच्या होड्यांच्या प्रतिकृती केल्या. एकीचे नाव 'स्वॅन', म्हणजे हंस. दुसरीचे 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा. प्रत्येकीच्या ३, ६ आणि १२ फूट लांबीच्या तीन तीन प्रतिकृती त्याने पाण्यातून ओढून पाहिल्या आणि पाण्याचा रोध मोजला. काय आढळले? कमी वेगाला एकीला रोध कमी, तर वेग वाढवल्यावर दुसरीला कमी. म्हणजे 'चांगली कोणती' या प्रश्नाला, 'किती वेगाने न्यायची' हे सांगितल्याखेरीज उत्तरच नव्हते. पुढे १८७२ मध्ये त्याने टॉर्के येथे प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी एक लांबलचक हौद बांधला. आज जगभर जहाजांच्या प्रतिकृती तशाच हौदांत तपासल्या जातात.

तेव्हा मी त्या गृहस्थांना उलट विचारले, "मामा, होडीत किती माणसे बसणार? जाळे आणि मासळी मिळून वजन किती? रोज किती लांब जायचे? आणि उन्हाळ्यात पाणी किती खोल राहते?"

उत्तरे चटकन आली. माणसे तीन. जाळी, बर्फाची पेटी आणि मासळी मिळून शंभरेक किलो. जायचे सहा किलोमीटर, तितकेच परत. उन्हाळ्यात काठाजवळ पाणी गुडघाभर, आणि त्यात बाभळीची खुंटे. मग थोडे थांबून ते म्हणाले, "आनि सर, पूर आला की गावातली मानसं आमालाच हाक मारत्यात."

हे शेवटचे वाक्य मी वहीत वेगळे लिहून ठेवले. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेला पूर नांदेडला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते का लिहून ठेवले हे सांगायला नको.

पुढच्या रविवारी आम्ही होड्या पाहायला गेलो. दोन्ही फायबरच्याच. पहिली हिरवी, रंग उडालेली, तळाला सपाट, एखाद्या परातीसारखी पसरट. पाण्याला टेकणारी लांबी ४ मीटर, सरासरी रुंदी सव्वा मीटर, मागे ८ अश्वशक्तीचे पेट्रोलचे इंजिन. दुसरी पांढरीशुभ्र, निळे पट्टे ओढलेली, साडेचार मीटर लांब, तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा निमुळता, मागे २५ अश्वशक्तीचे इंजिन. ही लातूर जिल्ह्यातल्या एका तलावावर सहलीच्या लोकांना फिरवण्यासाठी घेतलेली होती. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तुम्ही ऐकले असेलच. त्या काळात ही होडीही काठावर उन्हात पडून होती. नंतर हात बदलत बदलत ती नांदेडला आली. तरुण सभासदांचा जीव अर्थातच पांढरीवर जडला होता.

प्रथम आम्ही होड्यांची वजने काढली. होडीचे वजन कसे काढाल? हिरवीच्या बाबतीत ते सोपे होते. इंजिन उतरवून ती रिकामी पाण्यात सोडली आणि पाण्याची रेघ खडूने आखली. मग २० लिटरचे पाण्याचे पाच जार, म्हणजे १०० किलो, तिच्यात सारखे पसरून ठेवले. होडी बरोबर २ सें.मी. खाली गेली. १०० किलोसाठी १०० लिटर पाणी बाजूला सारावे लागते; ते २ सें.मी. खोलीत सारले गेले, म्हणून पाण्याला टेकणारे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. म्हणजेच दर ५० किलोला होडी १ सें.मी. बुडणार. रिकामी असताना ती साडेतीन सें.मी. बुडाली होती, यावरून तिचे वजन निघाले १७५ किलो.

पांढरीचा तळ निमुळता. ती जसजशी बुडते तसतसे क्षेत्रफळ वाढत जाते, त्यामुळे हा साधा हिशेब तिथे चालत नाही. मग काय करायचे? विद्यार्थ्यानेच तोड काढली. मराठवाड्यात उसाला तोटा नाही आणि उसाच्या काट्यालाही नाही! दोन्ही होड्या, इंजिने उतरवून, आळीपाळीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातल्या आणि भरलेल्या वजनातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा केले. हिरवी १८० किलो भरली. आमच्या जारच्या प्रयोगाशी हे उत्तर इतके जुळले की काटेवालाही हसला. पांढरीचे वजन विकणाऱ्याने दाखवलेल्या कागदावर २०० किलो होते. काट्यावर ते भरले २९० किलो. काटा दहा दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो आणि आपण दोन वजनांची वजाबाकी करतो, तेव्हा दहा किलोंची चूक समजू शकते. नव्वद किलोंची समजण्यासारखी नाही.

हे नव्वद किलो आले कोठून? अशा होड्यांत तळ आणि वरची फळी यांच्यामधल्या पोकळीत हलका फेस भरलेला असतो, हेतू हा की पाणी शिरले तरी होडी बुडू नये. उन्हाने फायबरच्या वरच्या थराला केसासारख्या भेगा पडतात. मग पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी आत झिरपते आणि फेस हळूहळू स्पंजासारखा ते धरून बसतो. आम्ही रुपयाच्या नाण्याने दोन्ही होड्यांवर ठिकठिकाणी टकटक केली. हिरवी सगळीकडे टणटणीत वाजली. पांढरीचा मागचा भाग मात्र भद्द वाजत होता. मडके विकत घेताना आई जे करते तेच हे! एकसंध वस्तू खणखणीत कंप पावते. थर सुटले किंवा आत पाणी असले की कंपन लगेच विरून जाते. नव्या रंगाने भेगा झाकल्या होत्या, आवाज झाकता आला नव्हता.

इंजिनांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते काम आमच्यापेक्षा गावातल्या मेस्त्रींनी अधिक चांगले केले. त्यांनी प्रथम हात लावून इंजिन थंड आहे ना हे पाहिले, कारण विकणारा पुष्कळदा गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन चालवून गरम करून ठेवतो आणि मग ते पहिल्याच दोरीला सुरू होते. सुरू झाल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते का ते पाहिले. नदीतल्या वाळूने आतला रबरी पंप झिजला तर ही धार मंदावते आणि इंजिन तापून अडकते. मग पंख्याजवळच्या दातेरी चाकांचे तेल काढून पाहिले. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. हिरवीचे इंजिन जुने पण धड होते, पांढरीचे तर उत्तमच होते.

आता वेग. काठावर ५०० मीटर अंतर टेपने मोजून दोन बांबू रोवले. प्रत्येक फेरी जाऊन-येऊन घेतली, म्हणजे वाऱ्याचा आणि प्रवाहाचा परिणाम बराचसा निघून जातो. (दोन्ही वेळांची सरासरी घ्यावी की दोन्ही वेगांची, आणि प्रवाहाचा परिणाम नेमका कशाने निघून जातो, हे वर्गात करून पाहा.) पेट्रोल मात्र टाकीतून न देता खुणा केलेल्या बाटलीतून दिले.

हिरवीत तीन माणसे आणि शंभर किलोचे सामान, एकूण वजन ५०० किलो. पूर्ण जोराने ५०० मीटरला १८० सेकंद लागले, म्हणजे वेग ताशी १० कि.मी. एका किलोमीटरला पेट्रोल ३६० मि.लि. मग इंजिन मंद केले. वेळ २५० सेकंद, वेग ताशी ७.२ कि.मी., आणि पेट्रोल फक्त २०० मि.लि. वेग पाव हिश्शाहून थोडा अधिक कमी झाला, पण पेट्रोल जवळजवळ निम्म्यावर आले!

याचे कारण होडी स्वतःच उठवत असलेल्या लाटेत आहे. पाण्यातून जाताना होडीच्या पुढच्या टोकाशी एक लाट उठते. वेग जितका जास्त तितकी ही लाट लांब. एका ठरावीक वेगाला लाटेची लांबी नेमकी होडीएवढी होते: एक उंचवटा पुढच्या टोकाशी, दुसरा मागच्या. वेग आणखी वाढवू गेले की मागचा उंचवटा होडीच्या मागे सरकतो, मागची बाजू खळग्यात बसते, आणि होडी जणू आपणच रचलेल्या लाटेचा चढ चढू लागते. हा वेग ताशी किलोमीटरमध्ये सुमारे ४.५ गुणिले होडीच्या मीटरमधील लांबीचे वर्गमूळ इतका असतो. हिरवीची लांबी ४ मीटर, वर्गमूळ २, म्हणून वेग ९. म्हणजे ताशी ९ वरून १० वर नेण्यासाठी आमचे निम्मे पेट्रोल लाटा उठवण्यात चालले होते. पाणी उथळ असले तर ही भिंत आणखी अलीकडे येते. अर्धा मीटर पाण्यात लाटच ताशी ८ कि.मी.पेक्षा वेगाने जाऊ शकत नाही, त्यामुळे काठाजवळ इंजिन कितीही ओरडले तरी होडी रेंगाळते.

पांढरीची तऱ्हा निराळी. दोनच माणसे बसवून पूर्ण जोर दिला, तशी ती प्रथम नाक वर करून मागे बसली. मग हळूहळू सपाट होत पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली गेली आणि ५०० मीटर अवघ्या ६० सेकंदांत, म्हणजे ताशी ३० कि.मी. वेगाने, पार केले. काठावर टाळ्या पडल्या. किलोमीटरला पेट्रोल ३७० मि.लि., म्हणजे हिरवीला ताशी १० च्या वेगाला लागले जवळपास तेवढेच! मीही चकित झालो. ती लाटेचा चढ ओलांडून पलीकडे गेली होती. पाण्यावरून चपटा दगड भिरकावला की तो जसा टप्पे घेत जातो, तसा इथे होडीचा तळ पाण्याला खाली लोटत होता, आणि उलट पाणी तिला वर उचलत होते.

मग सहा माणसे बसवली. नाक वर झाले ते वरच राहिले. एकूण वजन ७०० किलोंच्या वर गेल्याने चढ काही ओलांडला जाईना. वेळ लागला १३० सेकंद, वेग ताशी १४ कि.मी. देखील नाही, आणि पेट्रोल किलोमीटरला ८०० मि.लि. त्या वजनातले नव्वद किलो तर नुसते फेसात मुरलेले पाणी होते.

तेवढ्यात एका हुशार तरुणाने तोडगा सुचवला: हिरवीलाच पांढरीचे इंजिन लावावे! हे मात्र करू नये. २५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन मागच्या फळीवर पडले की होडी मागे झुकते, आणि ती फळी ८ अश्वशक्तीच्या रेट्यासाठी बांधलेली असते. भरधाव वळताना सपाट तळ पाण्याला धरून राहत नाही, आडवा घसरतो.

राहिला प्रश्न पुराचा. पुरात माणसे बुडतात ती होडी वजनाने खाली गेल्यामुळे क्वचित. बहुधा ती उलटल्यामुळे. हिरवीच्या कडा ४५ सें.मी. उंच आहेत. ५०० किलोला ती १० सें.मी. बुडते, म्हणजे ३५ सें.मी. कड पाण्याबाहेर राहते. आणखी पाच माणसे मधोमध बसली तर ती फक्त ६ सें.मी. खाली जाईल. कागदावर केवढी सुरक्षित! पण दोन जणांना मधून उठवून एका कडेला बसवले, तेव्हा ती कड सुमारे १० सें.मी. खाली गेली. दोन माणसे आणि तीही बसलेली. होडी काठाला लागताच आठ माणसे एकदम उभी राहून एका बाजूला धावली, तर त्यांचा गुरुत्वमध्य वर जातो आणि बाजूलाही सरकतो. मग काय होईल याचा प्रयोग आम्ही केला नाही.

कलल्यावर होडीला परत सरळ करणारा जोर तिच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. रुंदी दहा टक्के वाढली तर हा जोर सुमारे ३३ टक्के वाढतो. म्हणून पसरट होडी चांगली. पण याच नियमाची दुसरी बाजू फार वाईट आहे. होडीत शिरलेले पाणीही तितकेच पसरट असते! हिरवीत २ सें.मी. पाणी साचले तर ते नजरेत भरत नाही, पण ते १०० किलो असते, आणि होडी जरा कलली की सगळे त्याच बाजूला धावते. होडीला सरळ करणारा जोर जणू तेच पाणी खाऊन टाकते. यावर उपाय स्वस्त आहे. तळावर लांबीच्या दिशेने दोन आडव्या फळ्या उभ्या बसवून तीन सारखे कप्पे केले, तर प्रत्येक कप्प्याची रुंदी एक-तृतीयांश, तिचा घन सत्ताविसावा भाग, आणि कप्पे तीन. म्हणजे पाण्याचा उपद्रव नवव्या हिश्शावर येतो.

आणि प्रवाह? पुरात नदीच्या मुख्य धारेत पाणी सेकंदाला ३ मीटर धावत असेल, तर ते ताशी १०.८ कि.मी. होते. हिरवीचा पूर्ण वेग ताशी १०. म्हणजे धारेच्या विरुद्ध पूर्ण जोर लावूनही ती मागेच जाईल. हे मी मामांना स्पष्ट सांगितले. गल्लीबोळांत शिरून साचलेल्या पाण्यात, जिथे इंजिन वर उचलून बांबूने रेटत न्यायचे, तिथे हिच्यासारखी होडी नाही. पण धारेत हिला घालायचे नाही. पांढरीने धार कापली असती, पण दोन माणसांनिशी. जिथून सहा जणांना आणायचे तिथे ती निम्म्या वाटेत आपला जोर हरवून बसली असती. खरे म्हणजे धारेतल्या कामासाठी या दोन्हींपैकी एकही घेऊ नये, हे माझे मत मी सभासदांच्या बैठकीत मांडले. काही जणांना ते रुचले नाही. पैसे जमवले होते ते एकाच होडीत सर्व कामे व्हावीत म्हणून, हे त्यांचे म्हणणेही समजण्यासारखे होते.

शेवटी हिरवी घेतली. पैशांत जी बचत झाली तिच्यातून सहा जीवरक्षक जाकिटे आली. फळ्यांचे कप्पे गावातल्या सुताराने एका दुपारी बसवून दिले.

एक गोष्ट विद्यार्थ्याने मला न विचारता केली. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल याच्या खटपटीमुळे १८७६ च्या कायद्याने प्रत्येक व्यापारी जहाजावर भाराची रेघ आखणे सक्तीचे झाले, हे मी त्याला बोलता बोलता सांगितले होते. त्याने हिशेब केला: होडी, इंजिन आणि पेट्रोल मिळून २३० किलो, सहा माणसांचे ३६० किलो, एकूण ५९०, म्हणजे बुडणे जवळपास १२ सें.मी. मग होडीच्या दोन्ही अंगांना तळापासून १२ सें.मी. उंचीवर त्याने तांबड्या रंगाची रेघ ओढली. परवा मी गेलो होतो तेव्हा काठावर बाजाराला निघालेली माणसे होडीत चढत होती. सातव्या माणसाने पाय टाकला तशी रेघ पाण्याखाली गेली, आणि मामांनी न बोलता बोट दाखवून त्याला उतरवले.